कराटे शिकायला जाताना

कराटे हा शब्द आता पाड्यापाड्यांत पोचला आहे. शाळा सुटली की पोरे हातवारे करतात, हू-हा ओरडतात, आणि विचारले तर सांगतात, "आम्ही कराटे खेळतो." सिनेमात एक माणूस दहा जणांना लोळवतो, तेच त्यांच्या डोळ्यांपुढे असते. पण एखादा खरा क्लास पाहायला जा. पहिले काही आठवडे तेथे कोणी कोणाला मारत नाही. सगळे नुसते उभे राहायला शिकत असतात! फी भरलेला बाप घरी येऊन म्हणतो, "हे कसलं शिक्षण? उभं राहायला पैसे?" अशा बापांसाठी आणि आयांसाठी, आणि ज्यांना स्वतःला शिकावेसे वाटते त्यांच्यासाठी, आम्ही हा धडा लिहीत आहोत.

कराटे ही जपानची विद्या. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ते' म्हणजे हात. हातात काठी नाही, कोयता नाही, अशा वेळी आपले रक्षण कसे करावे, ते ही विद्या शिकवते. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचे बेट आहे. तेथे ती वाढली. १९०१ च्या सुमारास तिथल्या शाळांत मुलांना ती शिकवली जाऊ लागली. त्या बेटावर गिचिन फुनाकोशी नावाचे एक शाळामास्तर होते. जन्म १८६८ सालचा. लहानपणी प्रकृतीने फार अशक्त. कराटे शिकता शिकता त्यांनी अंग धरले. १९२२ साली त्यांनी टोकियो शहरात ही विद्या करून दाखवली. परत गावी जायचा त्यांचा बेत होता. पण लोकांनी आग्रह केला, म्हणून ते तेथेच राहून शिकवू लागले. तेव्हा मास्तर ५३ वर्षांचे होते. हे वय लक्षात ठेवा.

आता उभे राहण्याचे पाहू. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पक्का स्वार घोड्यावर कसा बसतो? पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ ताठ. कराटेत अशीच एक बैठक आहे. फक्त खाली घोडा नाही! नुसत्या जमिनीवर तसे उभे राहायचे. एक मिनिट राहून पाहा. मांड्या थरथरू लागतील. ठोसा हातातून निघतो असे आपल्याला वाटते. पण त्याचा जोर पायांतून आणि कमरेतून येतो. पाय डळमळला तर हात काय करणार? काठीच्या होळीला रात्रभर ढोलावर नाचणारी माणसे या कामात शहरातल्या माणसांच्या पुढे असतील, असे आमचे मत आहे.

मग मूठ. चार बोटे घट्ट दुमडायची आणि अंगठा त्यांच्यावर बाहेरून ठेवायचा. अंगठा मुठीच्या आत कोंबून ठोसा मारला तर तो अंगठाच मोडेल. त्यानंतर थांबणे. जोडीदाराच्या तोंडाकडे ठोसा न्यायचा आणि लागायच्या आधी अडवायचा. मारण्यापेक्षा हे अवघड आहे. म्हणूनच जोडीने लढणे फार उशिरा येते.

मोठ्या माणसांना या क्लासची लाज वाटते. घरोघर असे बोलणे होते:

"अहो, पोरांच्या रांगेत मी कुठं उभी राहू? लोक हसतील."

"हसू देत. रात्रीच्या वर्गात पहिल्यांदा पाटी घेतलीस तेव्हाही हसलेच होते ना?"

खरेच आहे ते. क्लासमध्ये आकडे जपानी भाषेत मोजतात. इची, नी, सान, शी, गो. म्हणजे एक, दोन, तीन, चार, पाच. हे आईलाही नवीन आणि लेकालाही नवीन. उलट आईला धीर जास्त असतो. मात्र मोठ्या माणसाचे गुडघे पोराचे नसतात. सुरुवातीला लाथ कमरेच्या वर नेऊ नये. आणि लहान मुलांकडून विटा, कौले फोडून घेणारा शिक्षक असेल तर मूल घरी आणावे. मुलांची हाडे अजून वाढत असतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती आपल्या जिल्ह्याची आहे.

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी बांधवांत, सिकलसेल हा आजार बराच आढळतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी यात विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हातपाय, पोट, छाती यांत भयंकर कळा येतात. हा आजार आईबापांकडून येतो. शिवण्याने, जेवण्याने तो होत नाही. अंगातले पाणी कमी झाले, फार दमणूक झाली, की त्रास उफाळतो. आणि क्लासमध्ये तर घाम गाळायचा असतो! आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको.

मग सिकलसेल असलेल्याने कराटे शिकूच नये काय? तसे नाही. डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तितकेच करावे. काही जण नुसते वाहक असतात. म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेला. ते बहुधा धडधाकट असतात. पण कडक उन्हात, पाणी न पिता, जिवापाड मेहनत केली तर क्वचित वाहकही कोसळतो. म्हणून क्लासला नाव घालण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. २०२३ सालापासून केंद्र सरकारनेही या आजारासाठी देशभर मोहीम घेतली आहे. निकाल शिक्षकाला सांगा. पाण्याची बाटली जवळ ठेवा. मधेच पाणी पिऊ देत नाही, दमलास तर शिक्षा करतो, असा शिक्षक कितीही नावाजलेला असो, आमच्या मते तो कामाचा नाही.

येथेच तुमचे वाचन कामाला येते. क्लासच्या फॉर्मवर एक ओळ असते: "मला कोणताही आजार नाही. इजा झाल्यास क्लास जबाबदार राहणार नाही." पुष्कळ लोक न वाचता सही करतात, अंगठा देतात. तुम्ही तसे करू नका. आजार असेल तर ती ओळ खोडून खरे काय ते लिहा. पोरीचे लग्न अडेल म्हणून लपवू नका. मैदानावर पोर कोसळली तर डॉक्टरला पहिली तीच गोष्ट कळायला हवी.

पैशाचेही आधीच विचारा. महिन्याची फी किती, पांढऱ्या पोशाखाचे किती, पट्ट्याच्या परीक्षेचे किती. पहिला महिना सैल पायजम्यावर निभतो. पट्टा पांढऱ्यापासून सुरू होतो आणि रंग बदलत काळ्यापर्यंत जातो. त्याला नेमाने शिकूनही काही वर्षे लागतात. सहा महिन्यांत काळा पट्टा देतो असे कोणी म्हणेल, तर तो पट्टा विकतो आहे. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण अशी योजना आहे. त्यात तीन महिने शिकवतात. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा.

मुलीला पाठवाल तेव्हा दोन-चार दिवस स्वतः जाऊन बसा. दार बंद करून शिकवणारा, आईबापांना बसू न देणारा शिक्षक नको. आणि तिला हेही सांगा, की समोर सुरा असेल तर कराटे आठवायचे नाही. ओरडायचे आणि पळायचे. फोन हाताशी असेल तर ११२ लावायचा. लहान मुलांसाठी १०९८ आहे.

दिवाळीनंतर अनेक घरे ऊसतोडीला गुजरातेत जातात. क्लास सुटतो. तेव्हा काय करावे? घोडेस्वाराची बैठक रोज एक मिनिट, दोन्ही हातांचे दहा-दहा ठोसे, आणि आकडे मोठ्याने. याला जागा लागते चटईएवढी. कोपीपुढे तेवढी जागा असते. होळीला परत आलात की शिक्षकाला सांगा, इतके दिवस एवढेच केले. तो पहिल्यांदा तुमचे पायच पाहील.