आधी कान, मग जीभ



दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची काही वारली कुटुंबे मजुरीसाठी मुंबईकडे येतात. वर्सोव्यातल्या आमच्या शनिवारच्या वर्गात अशाच एका कुटुंबातली सात वर्षांची मुलगी येत असे. तीन आठवडे ती एक शब्दही बोलली नाही. मी वहीत तिच्या नावापुढे लिहिले, "मंद". एकदा सहज म्हणाले, "दाराजवळची लाल बादली कोणी आणाल का?" ती उठली आणि बादली घेऊन आली. तिला समजत होते, फक्त बोलणे अजून फुटले नव्हते. वहीतला तो शब्द मी लाजेने खोडला.

वारली बोली मराठीला जवळची असली, तरी पाठ्यपुस्तकाची मराठी या मुलांना दुसरी भाषाच वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली. पाने, बिया, खडे हेच शिकवण्याचे साहित्य. वर्गात मदत करणाऱ्यांनी त्यावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. आधी ऐकू द्या. "खडा उचल", "पान बादलीत टाक" असे म्हणत स्वतः करून दाखवा, मग मुलांना करू द्या. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनीही 'ऐका आणि करा' याच तत्त्वावर भाषा शिकवली.

२. एका दिवशी पाच-सहाच शब्द घ्या, तेही हाताळता येतील अशा वस्तूंचे. आम्ही सुका बोंबील, जाळ्याचा तुकडा आणि शंख ठेवतो.

३. तोच शब्द पुढच्या शनिवारी नव्या वाक्यात आणा. झाडाचे पान, वहीचे पान, जेवायचे पान. ओळख अशीच पक्की होते.

४. समजले का ते पाहताना "म्हणून दाखव" नको, "बोट ठेवून दाखव" म्हणा.

५. मुलाच्या घरचा शब्द चूक ठरवू नका. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहा.

पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेतच ऐकले, हे आपण जाणतो.

पावसाआधी ते कुटुंब गावी परतले. शेवटच्या शनिवारी ती मुलगी धाकट्या भावाला हाच खेळ शिकवत होती. सूचना मराठीत द्यायची, तो अडला की वारलीत समजवायची. यंदाही नवी मुले येतील. शनिवारचे दोन तास देऊ शकणाऱ्यांनी जरूर कळवावे, आणि या मुलांना प्रार्थनेत आठवावे.