अणूतील शक्ती येते कोठून?

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी ठणकावून सांगितले होते की, अणू फुटताना त्यातील काही कण नाहीसे होतात व त्यांचीच शक्ती बनते. टाळ्याही पडल्या. खाली उतरल्यावर विज्ञान शाखेतील एक मित्र एवढेच म्हणाला, "कण मोजून बघ."

मी कला शाखेचा, पण बेरीज येते. युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रात ९२ प्रोटॉन व १४३ न्यूट्रॉन असतात. बाहेरून एक न्यूट्रॉन शिरला की झाले २३६. भंजनाच्या एका प्रकारात बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन सुटे न्यूट्रॉन मिळतात. बेरीज पुन्हा २३६! मग टाळ्या कशाच्या घेतल्या मी?

प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. त्यांना बांधून ठेवणारे केंद्रीय बल जबरदस्त खरे, पण त्याचा पल्ला आखूड. शेजारच्या कणांपलीकडे ते फारसे पोचत नाही. विद्युत् प्रतिसारण मात्र साऱ्या केंद्रभर चालते. आमचे वडील गाडीत कडबा दाबून दोर आवळतात. दोर निसटला की कडबा उसळून वर येतो. तसेच हे. न्यूट्रॉनने हादरलेले केंद्र लांबट होते, मध्ये बारीक होऊन तुटते आणि दोन्ही तुकडे विलक्षण वेगाने दूर फेकले जातात. एका भंजनातून सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्ती मिळते. पैकी सुमारे १७० दशलक्ष ही या तुकड्यांच्या धावेची. ते भोवतालच्या अणूंवर आदळून थांबतात, त्याची उष्णता होते. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या वीजकेंद्रात पाण्याची वाफ झाली ती याच धडकांनी. कोळशातील कार्बनचा एक अणू जळताना जेमतेम चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट देतो!

मग आइन्स्टाइनचे सूत्र? १९३८ च्या नाताळात, जर्मनी सोडावी लागलेल्या लिझे माइट्नर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी स्वीडनमध्ये बर्फातून फिरताना हिशेब मांडला. प्रतिसारणावरून २०० दशलक्ष आले. वस्तुमानातील घट, म्हणजे प्रोटॉनच्या सुमारे एक पंचमांश, सूत्रात घातली, तरी तेवढेच. कण तितकेच राहिले. शक्ती बाहेर गेली म्हणून वजन कमी भरले. कोळसा जळतानाही ते घटते, पण तराजूला कळणार नाही इतके.

हे सारे वडिलांना सांगितले. ते शाळेत गेलेले नाहीत. त्यांनी विचारले, "मग एवढा दोर आवळला कुणी?" तो प्रश्न मला सुचला नव्हता. पुस्तके पुन्हा उघडली. सूर्य आणि पृथ्वी जन्मण्यापूर्वी ताऱ्यांच्या प्रचंड उत्पातांत युरेनियमची ही केंद्रे घडली. दोर तेव्हाचा आहे.

— द्वितीय वर्ष, कला