पानाची डावी बाजू

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, सोमवारपासून गॅस बंद, फक्त कच्चं खाणार." मी तेव्हा "बरं" एवढंच म्हटलं. इतक्या दिवसांनी तुझा आवाज असा टवटवीत ऐकला होता, त्यावर लगेच पाणी ओतायला जीव धजावला नाही. पण रात्री डोळा लागेना. म्हणून आज कामं आवरून निवांत बसलेय. जे स्वतः करून पाहिलंय ते तुला मोकळेपणानं सांगते.

तुला ठाऊक नसेल, पण चौतिसाव्या वर्षी मीही हेच केलं होतं. माघात सुरुवात केली. बाजारात लालबुंद गाजरं, कोवळे मुळे, ओला हरभरा, द्राक्षं आलेली. पहिले दहा दिवस मी अक्षरशः तरंगत होते. पोट हलकं, दुपारची पेंग नाही, साडीचा काठ नीट बसायला लागला. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळ झाली की हातपाय गार पडायचे. कंगव्यात केसांचा पुंजका यायला लागला. मुलांवर उगीचच आवाज चढायचा. आणि सहाव्या आठवड्यात पाळी आली नाही. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला सांगितलं आणि आधी विचारलं, "शेवटची भाकरी कधी खाल्लीत?" भाकरी, वरण-भात, तूप पुन्हा सुरू केलं. सगळं जागेवर यायला दोन महिने गेले.

हे मी कित्येक वर्षं मनातच ठेवलं. पुढे वाचनात आलं की हे माझ्या एकटीचं नव्हतं. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाचशेहून जास्त कच्चाहारी लोकांची पाहणी करून 1999 मध्ये निष्कर्ष छापले होते. 45 वर्षांखालच्या बायकांपैकी जवळजवळ 30 टक्के जणींची पाळी विस्कळीत झाली होती किंवा थांबलीच होती, आणि जिच्या खाण्यात कच्चं जास्त तिला हा त्रास जास्त. कारण अगदी साधं आहे. एक किलो काकडी खाल्लीस तर दीडशेच्या आसपास कॅलरी मिळतात. ज्वारीच्या पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत त्याहून जास्त असतात. जबडा दुखेपर्यंत चावलंस तरी शरीराचा हिशेब पुरा होत नाही, आणि मग ते पाळीवर काटकसर करतं.

गांधीजींनीही हा प्रयोग केला होता. 1929 मध्ये साबरमतीला त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा नेम धरला, सोबत आश्रमातली काही माणसंही होती. मोड आलेलं धान्य, कच्च्या भाज्या, फळं. अशक्तपणा आला, आव झाली आणि त्यांना तो सोडावा लागला. इतकी निष्ठा असलेल्या माणसानं आपल्या शरीराचं ऐकून माघार घेतली, हे मला फार मोठं वाटतं. पण निसर्गोपचारावरचा त्यांचा विश्वास काही गेला नाही. 1946 मध्ये आपल्या पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तो आजही चालू आहे.

म्हणजे कच्चं खाऊच नको, असं मी म्हणतेय का? अजिबात नाही. उलट तू खातेस त्यापेक्षा किती तरी जास्त खा. फक्त त्यासाठी परदेशी पानं आणि महागड्या बिया आणायची गरज नाही. आजी पान वाढायची ते आठव. वर मीठ, लिंबाची फोड, मग डावीकडे चटणी, कोशिंबीर, पंचामृत, उजवीकडे भाजी, आमटी. डावी बाजू बहुतेक कच्चीच असायची. आपण हळूहळू ती चिमटीएवढी करून टाकली. कोशिंबीर सणावारी, तीही चमचाभर. माझं तुला एवढंच सांगणं आहे की डावी बाजू मोठी कर. अर्धं पान तिला दे. उजवी बाजू पुसू नकोस.

आता करायचं काय ते सांगते.

खमंग काकडीपासून सुरुवात कर. काकडी किसायची नाही, चोचवायची. हातात उभी धरून सुरीनं बारीक उभे-आडवे घाव घालायचे आणि मग वरून पातळ काप काढायचे. किसली की सगळा रस सुटतो आणि लगदा होतो. चोचवलेली काकडी दाताखाली कुरकुरते. त्यात दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, चिमूटभर साखर, कोथिंबीर. मीठ अगदी पानावर बसताना, नाहीतर पाणी सुटतं. वरून तूप-जिऱ्याची, हिरव्या मिरचीची फोडणी. कट्टर कच्चाहारी म्हणतील कूट भाजलेल्या दाण्यांचं, फोडणी गरम, म्हणजे नेम मोडला. त्यांच्यात 40 ते 48 अंशांपुढे तापवलेलं काहीच चालत नाही. मोडू दे नेम. अशा चमचाभर तुपामुळेच गाजराच्या कोशिंबिरीतला रंग अंगी लागतो. तो रंग म्हणजे जीवनसत्त्व अ बनवणारं द्रव्य, ते स्निग्धाशिवाय नीट शोषलंच जात नाही. उलट जीवनसत्त्व क उष्णतेनं जातं, म्हणून लिंबू, आवळा, पेरू कच्चेच खायचे. कुणाला विस्तव मानवतो, कुणाला नाही.

दुसरी आंबेडाळ. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आई करायची तीच. वाटीभर हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजव, चाळणीत पूर्ण निथळू दे, मग मिरची-आल्याबरोबर जाडसर वाट. पाण्याचा थेंब घालू नकोस. त्यात अर्धी वाटी किसलेली कैरी, खोबरं, मीठ, साखर, वरून हिंग-मोहरीची फोडणी. हिंगाचा हात सढळ ठेव, कच्ची डाळ वातूळ असते. आणि एका वेळी दोन-तीन चमचेच. आवडली म्हणून मी एकदा वाटीभर खाल्ली आणि रात्रभर पोट धरून बसले.

सोलकढी तर तुला येतेच. आठ-दहा आमसुलं अर्धा तास कोमट पाण्यात, एका नारळाचं दाट दूध, ठेचलेली लसूण-मिरची, मीठ. ती उकळायची नसतेच, म्हणून तुझ्या नव्या नेमातही ती आपसूक बसते. केली त्या दिवशीच संपव, नारळाचं दूध फार लवकर आंबतं.

संध्याकाळी भूक लागली की दडपे पोहे. पातळ पोह्यांवर खवलेलं खोबरं, बारीक कांदा, काकडी, लिंबू, नारळपाण्याचा हबका, आणि वर ताटली ठेवून पंधरा मिनिटं दडपून ठेवायचं. ऑफिसातून आल्यावर बिस्किटांचा पुडा फोडायची वेळच येणार नाही.

कोबीची पचडी, मुळ्याची कोशिंबीर, गाजर-दाणे, ही सगळी पाच मिनिटांची कामं, ती तुझी तू करशील.

मोडांबद्दल मात्र जरा थांबून ऐक. मटकी सकाळी भिजव, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांध, दुसऱ्या दिवशी मोड दिसतील. मोड आले की कडधान्यात जीवनसत्त्व क तयार होतं, लोह शोषू न देणारी द्रव्यंही कमी होतात. वर लिंबू पिळलंस तर लोह आणखी चांगलं मिळतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतलास तर तेच वाया जातं. पण मोडांना जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई-कोलायची साथ पसरली. साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, पन्नासेक दगावले. म्हणून मी मोड उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून मगच कांदा-टोमॅटोत घालते. बुळबुळीत झाले, आंबूस वास आला तर सरळ फेकते. आणि पुढेमागे तुला दिवस राहिले तर कच्चे मोड पूर्ण बंद, हे आताच सांगून ठेवते.

राजमा कधीही कच्चा नको, मोड आणूनही नको. त्यात पोट उलटंपालटं करणारं विष असतं, ते चांगलं उकळल्यावरच जातं. अळूची पानं कच्ची नकोत, घसा धरतो. दुधीचा रस काढणार असशील तर आधी एक फोड जिभेवर ठेव. जराही कडू लागली तर तो दुधी टाकून दे, साखर-मीठ घालून पिऊ नकोस. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस पिऊन मृत्यू झाला होता. काकडीलाही हाच नियम लाव.

कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाक, बाकीची सुटी करून वाहत्या पाण्याखाली धू. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खाऊच नकोस. चातुर्मासात काही भाज्या वर्ज्य करणाऱ्या आपल्या बायकांनी चिखलातली भाजी पाहिली होती. बाहेर गाडीवर चिरून ठेवलेली फळंही नकोत.

तू दूधही सोडणार म्हणालीस. मग बी-12 तपासून घे, ते भाजीपाल्यात मिळत नाही आणि शाकाहारी माणसात ते अनेकदा आधीच कमी असतं. तुझी थायरॉईडची गोळी चालू आहे, तेव्हा रोज वाटीभर कच्चा कोबी खाण्याआधी डॉक्टरांना विचार.

सुरुवात एका जेवणानं कर. पहिला आठवडा फक्त दुपारी, पोळी-भाजीच्या आधी वाटीभर कोशिंबीर, सावकाश चावून. पोट फुगलं तर प्रमाण कमी कर, दोन दिवस थांब. चार-पाच आठवड्यांत अर्धं पान हिरवं-लाल दिसायला लागेल. वजन हळूच उतरेल, पोटही साफ राहील, आणि स्वयंपाकघरात तुझा वेळ वाचेल तो वेगळाच.

पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहीत जा. एकदा जरी चुकली, केस गळायला लागले, गार वाटायला लागलं, तर नेम तिथेच सोड आणि मला फोन कर, रात्री कितीही वाजता. मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं, तसं तू करू नकोस.

उद्या सकाळी मूठभर मटकी भिजत घाल. मोड आले की फोटो पाठव.