काळी जमीन व तिचा निचरा

(मंडळ्यांतील अभ्यासासाठी पाठ. शास्त्रभाग : यहेज्केल ४७:१–१२, मत्तय १३:१–९)

पेरणाऱ्याचा दाखला आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत जितका सांगितला जातो तितका दुसरा क्वचितच सांगितला जात असेल. वाटेकडची, खडकाळ, काटेरी व चांगली अशा चार जमिनी प्रभूने त्यात दाखविल्या आहेत. आमचा शेतकरी तो दाखला ऐकतो आणि मनात म्हणतो की, चांगली जमीन म्हणजे आमची काळी. हे म्हणणे खोटे नाही. तथापि काळी जमीन चांगली असली तरी सोपी नाही. तिचा गुण व तिचा दोष ही एकाच मुळाची दोन फळे आहेत. आणि हे न ओळखल्यामुळे कित्येकांची उत्तम रानेही वाया गेली आहेत. यास्तव या पाठात आम्ही आधी जमिनीविषयी व मग शास्त्रभागाविषयी लिहितो.

जमिनीची ओळख

उदाहरणादाखल पुण्याच्या पूर्वेकडील मांजरी घेऊ. मुळा-मुठेच्या एका काठी मांजरी बुद्रुक व दुसऱ्या काठी मांजरी खुर्द आहे. अशा नदीकाठच्या गावी सखल भागी खोल काळी माती असते, आणि थोडे वर चढले की मुरमाड माळ लागतो. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा याच मुलखातून पूर्वेस जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे उसाचे प्रयोगक्षेत्र मांजरीस होते. आज तेथे १९७५ साली स्थापन झालेली, वसंतदादांच्या नावाची ऊस संशोधन संस्था आहे, व १९९७ सालापासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले आणि रानांतून इमारती उठू लागल्या. पण मातीने आपला स्वभाव सोडलेला नाही.

ही माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीतून लाव्हारस थरावर थर वाहिला व थिजला. तो पाषाण ऊन-पावसाने झिजून ही माती बनली. तिच्या शंभर भागांत चाळीस ते साठ भाग, कधी त्याहूनही अधिक, चिकणमाती असते. या चिकणमातीचा कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाहूनही लहान असतो. शिवाय तो पातळ पापुद्र्यांचा असून त्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते. पाणी शिरले म्हणजे माती फुगते, निघून गेले म्हणजे आकसते. काळ्या रानाचे जवळजवळ सर्व गुणदोष या एका गोष्टीपासून निघतात.

घेणे व देणे

खोल काळी जमीन पावसाळ्यात भिजली म्हणजे एक मीटर खोलीत पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी साठवू शकते. म्हणून भाद्रपद-आश्विनात पेरलेली शाळू पुढे पाऊस नसतानाही त्या ओलीवर हाती येते. पर्जन्यछायेच्या कोरड्या मुलखाला ही देवाची मोठी देणगी आहे.

परंतु येथेच एक आश्चर्य आहे. वाळूच्या जमिनीत शंभर भाग कोरड्या मातीमागे तीन-चार भाग पाणी उरले म्हणजे रोप कोमेजते. काळ्या मातीत सुमारे वीस भाग पाणी असतानाही ते कोमेजते. पाणी असते, पण माती ते इतके घट्ट धरते की मुळांना ओढून घेता येत नाही. म्हणून ज्या वर्षी हलक्या सरीच येतात, त्या वर्षी उलटा प्रकार दिसतो. तेवढा पाऊस काळ्या रानाच्या वरच्याच थरात अडकून उन्हाने उडून जातो, आणि मुरमाड माळावर तो खाली उतरून गवताच्या मुळांना लागतो. ज्यांची गुरे माळावर व गायरानात चरतात त्यांनी हे पाहिलेच असेल. भिजलेल्या काळ्या कुरणात गुरे सोडू नयेत, कारण खुरांनी माती दाबली जाऊन पुढचे पाणी मुरत नाही, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे.

या जमिनीत कामाची वेळ थोडी असते. ओली असता नांगर घातला तर लोण्यासारखी कापली जाते व तिची ढेकळे दगडासारखी वाळतात. वाळल्यावर घातला तर फाळ शिरत नाही. मधली जी स्थिती, तिला आपण वाफसा म्हणतो. उन्हाळ्यात हिला चार-पाच बोटे रुंद व हात-दोन हात खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते व पावसात खालची फुगून वर येते. अशा रीतीने जमीन आपणच आपली उलथापालथ करिते. मात्र पीक उभे असता याच भेगांतून ओल उडून जाते. म्हणून जुनी माणसे कोळपणीला अर्धे पाणी म्हणतात. कोळप्याने भेगा बुजतात व ओल राहते.

घर किंवा प्रार्थनामंदिर बांधणाऱ्यांसही येथे इशारा आहे. काळ्या मातीवर ठेवलेला पाया दर वर्षी फुगवट्याने उचलला जातो व आकसल्याने बसतो, आणि भिंती तडकतात. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा. खडकावरील घराचा दाखला शिकविणाऱ्यांनी आपल्या मंदिराचा पाया काळीत ठेवू नये.

चांगली जमीन मरते कशी

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. कालव्याचे पाणी आले म्हणजे मनुष्याला वाटते की, जितके पाणी तितके पीक. पण काळी जमीन पाणी घेते पुष्कळ व खाली सोडते अगदी हळू. पाजलेले जास्तीचे पाणी खाली साचते व त्याची पातळी वर्षानुवर्षे वर चढते. ती मुळांजवळ आली की उन्हाच्या ओढीने पाणी पृष्ठभागी येऊन उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. मग रानात पांढरे मीठ फुटते. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पंचवीस वर्षांनी, १९१० साली, पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांना त्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. मांजरीच्या द्राक्ष केंद्राचा एक विषयही हाच आहे. खारे पाणी व भारी जमीन सोसावी म्हणून महाराष्ट्रातील बागाईतदार आज द्राक्षाचे कलम डॉगरिज नावाच्या रानवेलीच्या खुंटावर बांधतात.

क्षारांत सोडियमचा भाग वाढला तर मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, भोके बुजतात व जमीन चोपण होते. तिची एक सोपी खूण सांगतो. पेलाभर पावसाचे पाणी घ्यावे, त्यात वाळलेल्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा अलगद सोडावा व काही तास ढवळू नये. खडा फुटला पण पाणी स्वच्छ राहिले तर बहुधा भय नाही. खड्याभोवती दुधासारखी गढूळ छटा पसरली तर जमीन चोपण होत आहे असे समजावे. खात्रीसाठी माती परीक्षेस पाठवावी, कारण क्षार फार असले तर ही खूण फसते. केवळ खारवट जमीन चांगल्या पाण्याने धुता येते. चोपण जमिनीला परीक्षेत निघेल तितके जिप्सम घालावे लागते. ताग किंवा धैंचा गाडल्याने दोहींना मदत होते. पण निचऱ्याचा चर नसेल तर हे सर्व उपाय व्यर्थ आहेत.

आणि चर एकट्याचा नसतो. आपल्या बांधापाशी संपणारा चर म्हणजे शेजाऱ्याच्या रानात सोडलेले मीठ. तो दहा जणांच्या जमिनीतून ओढ्यापर्यंत गेला पाहिजे. वरच्या रानाचा मालक मनसोक्त पाणी पाजतो व खालच्या रानात मीठ फुटते. आणि खालचे रान पुष्कळदा गरिबाचेच असते.

शास्त्रभागाचा बोध

यहेज्केल हा खबार नदीच्या तीरी बंदिवासात होता. ती नदी म्हणजे बाबेलच्या मुलखातील एक कालवा असावा असे विद्वान मानतात. त्या कालव्यांच्या देशात क्षार साचून रानेच्या राने उजाड झाली होती. त्या संदेष्ट्याला मंदिरातून निघणाऱ्या नदीचे दर्शन झाले. ती जेथे वाहते तेथे खारे पाणी गोडे होते व झाडे फळतात. परंतु दलदली व डबकी मात्र गोडी होत नाहीत, ती मिठालाच राहतात. नदी तीच, पाणीही तेच. भेद इतकाच की, एके ठिकाणी पाणी वाहते व दुसऱ्या ठिकाणी थांबते.

प्रियहो, काळ्या जमिनीसारखी मंडळी आम्ही पाहिली आहे. ती वचन पुष्कळ घेते, उपदेश ऐकते, साहाय्य घेते, पण घट्ट धरून बसते. तिच्यापासून शेजाऱ्याच्या मुळांना ओल लागत नाही. अशा मंडळीला आणखी पाणी नको, चर पाहिजे.

उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. एखाद्या भावाच्या रानात मीठ फुटले तर कोणी म्हणेल की, त्याने जुने दैवत सोडले म्हणून कोप झाला. आणि आपल्यातलाच कोणी म्हणेल की, त्याच्या पापाचे हे फळ. दोन्ही बोलणी बंद करावीत. जन्मांधाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला असता प्रभूने त्यांना काय सांगितले ते आठवावे. कारण पाटात व बांधात आहे. ते फावड्याने शोधावे. आणि वरच्या रानाचा मालक आपल्या मंडळीतला असेल, तर त्याच्याकडे आधी जावे. शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे काही वेळा पाटाचे दार वेळेवर बंद करणे होय.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या गावी काळे रान कोठे व मुरमाड कोठे आहे? कोणत्या वर्षी कोणते अधिक पिकते, व का?

२. पाणी असूनही पीक कोमेजते ते कसे? यावरून आपल्या ऐकण्याविषयी काय शिकावे?

३. यहेज्केलाच्या दर्शनात दलदल गोडी का झाली नाही?

४. आपल्या रानाचे जास्तीचे पाणी कोणाच्या रानात जाते? त्याच्याशी या आठवड्यात कोण बोलेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शेताच्या बांधावर जाऊन द्यावे.