शिगाराकीला जाताय? आधी भट्टीचे पैसे विचारा

जपानच्या शिगा प्रांतातलं शिगाराकी हे मातीकामाचं जुनं गाव. तिथल्या सिरॅमिक कल्चरल पार्कमध्ये १९९२ पासून देशोदेशीचे कलाकार राहून काम करतात. मात्र ‘रेसिडेन्सी मिळाली’ म्हणजे सगळं फुकट, असं समजू नका. संस्थेने बोलावलेल्या पाहुण्यांची गोष्ट वेगळी. स्वतः अर्ज करून जाणाऱ्याला खोलीचं आणि स्टुडिओचं भाडं भरावं लागतं. माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) आणि भाजणीचं बिल वेगळं.

भाड्याचा आकडा आधीच कळतो, त्यामुळे तो फसवत नाही. फसवते ती भाजणी. एकेक काम बहुधा दोनदा भाजावं लागतं, आधी लेपाशिवाय (बिस्क), मग ग्लेझ लावून. लाकडाची अनागामा भट्टी तर कित्येक दिवस-रात्र पेटती ठेवावी लागते, म्हणून चार-पाच जणांनी मिळून ती लावावी. पण तिच्यात हात आखडू नका. शिगाराकीच्या मातीतले फेल्डस्पारचे पांढरे खडे आचेने वितळून भांड्याच्या अंगावर उमटतात, उडालेली राख त्याच्या खांद्यावर बसून हिरवट काच होते. विजेच्या भट्टीत अशी राख बसत नाही, आणि शिगाराकीला जायचं ते यासाठीच.

हात आखडायचा तो काम घरी आणताना. कुरियरवाले वजनाइतकीच खोक्याची जागाही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. तिन्ही बाजूंनी ५० सेंटिमीटरचं खोकं २५ किलोंचं धरलं जातं, आत सहा किलोंचा रांजण असला तरी! म्हणून मोठी कामं फोटो काढून तिथेच द्यावीत किंवा विकावीत. सोबत आणाव्यात त्या चाचणीच्या टाइल्स आणि भाजणीची वही. वहीचं मोल सिरॅमिक कलाकार निर्मला पटवर्धन यांच्याकडे पाहून कळतं: त्या जर्मनीत शिकल्या, इंग्लंडमध्ये नामवंत कुंभार बर्नार्ड लीच यांच्याकडे त्यांनी काम केलं. ग्लेझच्या पाककृतींचं त्यांचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ आजही स्टुडिओंमध्ये उघडलं जातं. परदेशातलं शिक्षण असं वहीतून टिकतं.

जपानऐवजी युरोप निवडलात तर शेंगेन व्हिसाचे ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा धरा. मुक्काम ९० दिवसांपुढे जाणार असेल, तर त्या देशाचा वेगळा व्हिसा काढावा लागतो.

अर्जाआधी ईमेलवर विचारून घ्या: भट्टीचे पैसे आकारमानावर की फेरीवर? अर्धी भरली तर किती? भाजणीत काम फुटून भट्टीचं शेल्फ खराब झालं, तर भरपाई कोणाची?