काचेवरचा ‘अ’

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. बालवाडीत यंदापासून टॅबवर अक्षरं गिरवून घेतात. घरी मी मोबाइल देत नाही. शाळेतलं चालेल का?
— एक आई, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. टॅबची काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत लागते; तिच्यावर बोटांना जोर लावावा लागत नाही. पेन्सिल धरायची चिमटीतली ताकद येते ती कणीक मळताना, मणी ओवताना, चिंचोके वेचताना. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा परिसरातल्या वस्तूंचीच साधनं केली. मुंबईतही ते जमतं. बोटाने अक्षर काढायला रव्याचं ताट पुरतं. गिरवण्याची तर या वयात घाईच नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन पाहण्याची मर्यादा दिवसाला १ तास सांगितली, तीही कमाल. त्यात घर-शाळा दोन्ही आलं.

बाईंना भेटून विचारा : किती मिनिटं? मूल एकटं बसतं की बाई शेजारी असतात? बागेतल्या पानाचा फोटो काढून त्यावर मुलं गप्पा मारत असतील, स्वतःची गोष्ट रेकॉर्ड करून ऐकत असतील, तर तो टॅब मला मनापासून आवडेल. नुसतं गिरवणं असेल, तर पाटी-खडू मागा.