मर्सिडीज-बेंझ : नावाची पत आणि मालाची पत

कोथरूडच्या पौड रस्त्यावरून वेताळ टेकडीकडे जो रस्ता चढतो, त्यावर 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था आहे. पुणेकर तिला 'एआरएआय' म्हणून ओळखतात. १९६६ साली मोटार कारखानदार आणि केंद्र सरकार यांनी मिळून ती उभी केली. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना तिचे कुंपण तेवढे परिचयाचे असते. आत काय चालते याची कल्पना फार थोड्यांना. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे कोणतीही नवी गाडी बाजारात आणण्यापूर्वी तिचा नमुना सरकारमान्य चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि अशा मोजक्या संस्थांपैकी ही एक प्रमुख होय. ब्रेक किती अंतरात लागतो, धुरातून काय बाहेर पडते, हे तेथे यंत्रावर मोजले जाते. गाडी चार लाखांची असो की दीड कोटीची, मोजणी तीच. यंत्र नाव विचारत नाही.

गिऱ्हाईक मात्र नाव पाहून पैसे मोजते, आणि म्हणूनच व्यापारात नावाला किंमत येते. तीन टोकांच्या ताऱ्याची मर्सिडीज-बेंझ ही जर्मन गाडी १९९५ पासून पुणे परिसरातच तयार होते, प्रथम पिंपरीत आणि नंतर चाकणला. हे नाव कसे कमावले गेले, कुठे मळले आणि आपल्या पुण्यात त्याची कशी कसोटी लागली, हे आमच्या व्यापारी आणि कारागीर वाचकांसमोर ठेवण्याचा या लेखाचा हेतू आहे. ही गाडी विकत घेणारे आमच्या वाचकांत थोडेच असतील. परंतु माल बनवणारे, विकणारे आणि दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत.

या कंपनीचे मूळ पुरुष श्रीमंत घरचे नव्हते. कार्ल बेंझ हा आगगाडीच्या इंजिन ड्रायव्हरचा मुलगा. दोन वर्षांचा असतानाच वडील वारले. गॉटलीब डाइमलर हा बेकरीवाल्याचा मुलगा, आणि त्याची पहिली उमेदवारी बंदुका बनवणाऱ्या कारागिराकडे झाली. त्याचा साथीदार विल्हेल्म मायबाख तर अनाथाश्रमात वाढला. मानहाइम गावी बेंझने आणि कानश्टाट येथे डाइमलर-मायबाख जोडीने साधारण एकाच काळात पेट्रोलवर चालणारी गाडी तयार केली. बेंझने आपल्या तीनचाकी गाडीसाठी २९ जानेवारी १८८६ रोजी पेटंटचा अर्ज केला. मोटारगाडीचा जन्म त्याच तारखेपासून मोजतात. दोघांनी एकत्र काम मात्र कधीच केले नाही.

गाडी तयार झाली, पण घेणार कोण? घोड्यावाचून चालणाऱ्या या यंत्रावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा बेंझची पत्नी बर्था हिने जे केले, ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठे होते. लग्नापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम आगाऊ घेऊन तिने नवऱ्याचा धंदा वाचवला होता. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेऊन ती मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटरवर, माहेरी गाडी चालवत गेली. वाटेत इंधन संपले, ते तिने औषधाच्या दुकानातून विकत घेतले. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. साखळीचे काम एका लोहाराकडून करून घेतले. लाकडी ब्रेक झिजला, तेव्हा गावातल्या मोच्याकडून त्यावर कातडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याची सुरुवात येथून झाली असे मानतात. चढणीवर मुलांना गाडी ढकलावी लागली, म्हणून परतल्यावर बेंझने तिला आणखी एक गिअर बसवला. आमच्या मिस्त्री बंधूंनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. ज्या गाडीचा आज एवढा थाट आहे, तिची पहिली दुरुस्ती रस्त्यावरच्या लोहाराने आणि मोच्याने केली, आणि तिच्यातल्या पहिल्या सुधारणा रस्त्यावर आलेल्या अडचणींतून झाल्या.

'मर्सिडीज' हे नाव तर एका व्यापाऱ्याने दिलेले आहे. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियाचा ज्यू व्यापारी फ्रान्समधील नीस शहरात धनिकांना डाइमलर गाड्या विकत असे. आपल्या लहान मुलीचे मर्सिडीज हे नाव घेऊन तो शर्यतीत उतरे. मार्च १९०० मध्ये नीसजवळच्या चढणीच्या शर्यतीत डाइमलर कंपनीचा चालक विल्हेल्म बावर अपघातात मरण पावला. गाडी उंच, आखूड आणि वरून जड होती. कंपनी शर्यतींतून अंग काढून घेण्याच्या विचारात होती. येलिनेकने उलट सांगितले की गाडी लांब करा, रुंद करा, खाली आणा आणि इंजिन जोरकस द्या, मी घेतो. नुसते सांगून तो थांबला नाही. त्याने साडेपाच लाख मार्कांत ३६ गाड्यांची मागणी नोंदवली, काही देशांतील विक्रीचे हक्क घेतले आणि गाडीला मुलीचे नाव देण्याची अट घातली. मायबाखने ती ३५ अश्वशक्तीची गाडी त्याच वर्षाच्या अखेरीस तयार केली, आणि मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने सर्वांना मागे टाकले. १९०२ मध्ये 'मर्सिडीज' हा नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा शब्द झाला. पुढे तर येलिनेकने स्वतःच्या आडनावालाच 'मर्सिडीज' जोडून घेतले. धंद्यासाठी मुलीचे नाव बापाने घेतल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

आमच्या मते या सगळ्या इतिहासात व्यापाऱ्यांनी सर्वांत बारकाईने पाहावे असे हेच प्रकरण आहे. दुकानदार हा नुसता माल हलवणारा नसतो. गिऱ्हाइकाला काय खुपते हे कारखान्याच्या आधी त्याला कळते. ते तो कारागिरापर्यंत पोहोचवतो की नाही, आणि पोहोचवताना मागणीची रक्कम पुढे ठेवतो की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

तीन टोकांचा तारा डाइमलर कंपनीने १९०९ मध्ये नोंदवला. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी आपली इंजिने चालावीत असा त्याचा अर्थ. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत चलनाची किंमत राहिली नाही, गाड्यांना उठाव नव्हता, आणि जून १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ या दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्यानंतरचा काळ या नावावरचा सर्वांत काळा डाग आहे. नाझी राजवटीत कंपनीने सत्ताधाऱ्यांसाठी मोटारी आणि सैन्यासाठी इंजिने बनवली; १९४४ साली तिच्या कारखान्यांत राबणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक सक्तीने आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी होते. ज्यू व्यापाऱ्याच्या लेकीचे नाव मिरवणाऱ्या गाड्यांत ज्यूंचा संहार करणारे पुढारी बसत होते. १९८० च्या दशकात कंपनीने या काळाची इतिहासकारांकडून छाननी करवली, १९८८ मध्ये पीडितांसाठी दोन कोटी मार्क दिले, आणि पुढे जर्मन उद्योगांनी उभारलेल्या भरपाई निधीतही ती सहभागी झाली. चाळीस वर्षांनी दिलेली भरपाई ही भरपाई म्हणावी का, हे वाचकांनी ठरवावे.

युद्धानंतर जे नाव पुन्हा उभे राहिले, ते दिमाखापेक्षा सुरक्षिततेवर. बेला बारेनी नावाच्या अभियंत्याने एक उलटा वाटणारा विचार मांडला. तोपर्यंत गाडी जितकी कडक तितकी मजबूत असे समजत. त्याने सांगितले की पुढचा आणि मागचा भाग धडकेत मुद्दाम चेपू द्या, म्हणजे धक्का तेथेच जिरेल. माणसे बसतात तो मधला भाग तेवढा कडक ठेवा. १९५९ च्या मॉडेलमध्ये हा विचार प्रत्यक्षात आला. १९७८ मध्ये बॉश कंपनीच्या साहाय्याने, जोरात ब्रेक दाबला तरी चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी एअरबॅग या कंपनीने मोठ्या गाडीत दिली. आज साध्या गाडीतही या गोष्टी असतात; भारतात २०१९ पासून त्या कायद्यानेच बसवाव्या लागतात.

आपल्या देशाशी कंपनीचा संबंध मोटारीने नव्हे, ट्रकने आला. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' ट्रक निघू लागले. १९६९ मध्ये करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचे चिन्ह आले, आणि तोपर्यंत काम शिकलेले हात देशात राहिले. त्याच सुमारास पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला टेल्कोचा दुसरा कारखाना उभा राहत होता. तेथील टूलरूम आणि उमेदवारांच्या प्रशिक्षणातून कुशल कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या. पुणे हे मोटारीचे शहर झाले ते यामुळे, आणि नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारापासून गल्लीतल्या गॅरेजपर्यंत अनेकांचे पोट त्यावर चालते.

आर्थिक धोरण खुले झाल्यावर १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ मध्ये पिंपरीच्या आवारातून पहिल्या ई-क्लास गाड्या बाहेर पडल्या. एवढे मोठे नाव, दाराशी कारखाना, आणि नव्या पैशाचे गिऱ्हाईक; माल हातोहात खपेल असेच सर्वांना वाटले असणार. तसे झाले नाही. विक्री अपेक्षेच्या पुष्कळ खाली राहिली. किंमत जबर होती हे एक कारण. दुसरे कारण अधिक बोलके आहे. पुण्यात बनणारे मॉडेल, ज्याला कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू १२४ म्हणतात, ते जर्मनीत १९८४ मध्ये आले होते, आणि १९९५ मध्येच तेथे त्याची जागा नव्या ई-क्लासने घेतली. म्हणजे जे मॉडेल युरोपात निरोप घेत होते, ते येथे नवे म्हणून आले. भारतातल्या श्रीमंत गिऱ्हाइकाने परदेश पाहिलेला होता. त्याच्या हे लगेच लक्षात आले.

येथे न्यायाने बोलायचे तर ते मॉडेल वाईट नव्हते. उलट टिकाऊपणात त्याची बरोबरी करणाऱ्या गाड्या कमी. जर्मनीत टॅक्सीवाले ते वर्षानुवर्षे पळवत. येथील रस्ते आणि इंधन पाहता कसोटीला उतरलेला माल द्यावा, असा हिशेब कोणी केला असेल तर तो अगदीच चुकीचा नव्हता. पण सर्वोत्तम म्हणून पैसे मोजणाऱ्याला कालचा माल चालत नाही, मग तो कितीही पक्का असो. काही वर्षांत येथेही नवी ई-क्लास आली. टाटांचा हिस्सा हळूहळू कमी होत जाऊन अखेर संपला.

मूळ घरीही नावाला तडे जात होते. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मोटार नियतकालिकाने नवी छोटी ए-क्लास एकाएकी वळवून पाहिली, रस्त्यात सांबरासारखे मोठे जनावर आडवे आल्यावर वळवावी तशी, आणि गाडी उलटली. कंपनीने प्रथम टायरवर बोट दाखवले. जगभर हसे झाले, तेव्हा काही आठवडे गाडी देणे थांबवून प्रत्येक ए-क्लासमध्ये तोल सावरणारी ईएसपी यंत्रणा ज्यादा पैसे न घेता बसवली. २००५ मध्ये वीजपुरवठा आणि ब्रेक यांतील दोषांमुळे सुमारे १३ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. २०२० मध्ये डिझेल धुराच्या तक्रारींवरून अमेरिकेत सुमारे २२० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. वेगवेगळ्या काळातले हे प्रसंग एकाच मापाने तोलता येणार नाहीत. गाडी उलटणे ही आखणीतली चूक; धुराच्या मोजणीचे प्रकरण सरळ विश्वासाचे आहे, आणि आम्हांस ते अधिक गंभीर वाटते.

भारतात दरम्यान स्पर्धक आले होते. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नईजवळ कारखाना सुरू केला आणि २००९ मध्ये विक्रीत मर्सिडीजला मागे टाकले. २०१३ मध्ये ऑडी पहिली आली. मर्सिडीजने २००९ मध्ये चाकणला १०० एकरांवर स्वतःचा कारखाना चालू केला होता. मग लहान मॉडेले आली, नवी मॉडेले लवकर येऊ लागली, आणि २०१५ मध्ये १३,५०२ गाड्या विकून तिने पहिले स्थान परत घेतले. २०२४ मध्ये हा आकडा १९,५६५ झाला. देशातल्या एकूण मोटारींच्या मानाने हा खप अगदी थोडा आहे. पण एका गाडीमागे होणारी उलाढाल पाहिली तर तो थोडा नाही. १९९५ च्या अनुभवाचा फरक एका गोष्टीत दिसतो. बीएस-६ ही धुराची कडक मर्यादा देशात १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्या दर्जाची चाकणमध्ये जोडलेली एस-क्लास कंपनीने २०१८ मध्येच आणली. २०२२ मध्ये ईक्यूएस ही विजेवर चालणारी मोठी गाडीही चाकणला जोडली जाऊ लागली.

गॅरेजवाल्या वाचकांसाठी शेवटी एक कामाची माहिती. या गाड्यांत दोष शोधायचे काम आता पान्यापेक्षा संगणकावर जास्त चालते, आणि विजेच्या गाडीत तर उच्च दाबाच्या बॅटरीला माहितीवाचून हात लावणे जिवावर बेतू शकते. या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सचा एक वर्षाचा प्रगत पदविका अभ्यासक्रम सुरू केला, आणि नंतर तो इतर शहरांतील संस्थांतही गेला. त्यात यंत्र, वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स ही तिन्ही अंगे एकत्र शिकवतात. ज्यांची मुले अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी पुरी करून वडिलांच्या गॅरेजकडे वळणार आहेत, त्यांनी प्रवेशाच्या अटी, फी आणि जागांची संख्या तंत्रनिकेतनाच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावी. दरवर्षी त्यांत बदल होऊ शकतो.